रजिस्टरमधले दोन दशांश

रविवार, ३ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

तुम्हाला फोनवर काही सांगायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगायचं, म्हणून पत्र लिहितेय. चाळीस वर्षं मशीनपाशी उभं राहून तुम्ही कान घालवलेत, पण डोळे अजून शाबूत आहेत. त्यांनाच कामाला लावते.

बातमी अशी, की बाबांच्या गाडीला टर्बो बसवायचं मी ठरवलंय. चहा पीत असाल तर कप आधी खाली ठेवा. गाडी म्हातारी आहे, दोन सीटची आहे, बाबांची आठवण आहे, हे सगळं मला माहीत आहे. पण ती काही मी काचेच्या कपाटात ठेवलेली नाही. रोज तिच्यातूनच मी डोंगरावरच्या हॉस्पिटलात जाते, कवळ्या बनवायला. अडतीस किलोमीटर, त्यातले चौदा निव्वळ चढ. पुढे भरलेला ट्रक आला की इंजिनाला धाप लागते आणि ओव्हरटेक करताना मी जीव मुठीत धरते. शिवाय खरं सांगायचं तर मला हौसही आहे. बाबांची मुलगी आहे, कुठे जाणार ती हौस?

काम करणारा माणूस चांगला मिळालाय. त्याला सगळे कानसेन म्हणतात, कारण बॉनेट उघडण्याआधी तो डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं इंजिन ऐकतो. टर्बो छोटाच घ्यायचा, म्हणजे खालच्या वेगातही ओढ मिळते, असं त्याचं मत. गरम हवा थंड करायला पुढे इंटरकूलर, जरा तगडा क्लच, आणि हवेचा जादा दाब पॉइंट सहा बार. त्यावर एक कण नाही. मला शर्यत लावायची नाहीये, वेळेवर कामावर पोचायचंय.

एकाच गोष्टीवर घोडं अडलंय. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. इंजिन मुळातच घट्ट दाबणारं असेल तर पेट्रोल वेळेआधी भडकतं आणि पिस्टनवर हातोडे बसतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. पुस्तकात कॉम्प्रेशन नऊला एक दिलंय. कानसेन विचारतो, इंजिन अजून पुस्तकातल्यासारखंच आहे का? सिलिंडरवरच्या झाकणाला, हेडला, कधी कुणाचा हात लागलाय का? माहीत नसेल तर तो इंजिन उघडून मोजणार. बाबांच्या वहीत बावीस वर्षांपूर्वीची एक ओळ आहे: ‘गाडी तापली होती. मेहुण्यांनी हेड साफ करून दिलं.’ म्हणजे काजळी काढलीत, एवढंच ना? तसं दोन ओळींत कळवा, की आम्ही सुरुवात करतो.

कवळी नीट बसतेय ना? तुमच्या जबड्याचं माप मी तीनदा घेतलं होतं. टोचत असेल तर जबडाच बदललाय असं समजा.

तुमची ठमी


शनिवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

कप खाली ठेवूनच वाचलं. कवळी उत्तम बसते. हिच्याइतकं नीट बसलेलं माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही.

आता टर्बोचं. तुझ्या हौसेआड मी येणार नाही, पण तू फक्त इंजिनाचा विचार केलास. गाडी पळवणं सोपं असतं, थांबवायचं काय? ते ब्रेक दाजींच्या काळातले आहेत. गिअरबॉक्स त्याहून नाजूक आहे, दुसऱ्या गिअरला ती पहिल्यापासून कुरकुरते. गरम टर्बोपासून तेलाची नळी किती लांब ठेवणार ते लिहिलं नाहीस. रेडिएटर पुरणार आहे का? एवढ्या चढावर तो आधीच थकतो. आणि डोंगरावर मिळणारं पेट्रोल कसलं असतं देव जाणे. एवढं सगळं बदलायचं तर नवी गाडीच का घेत नाहीस? हॉस्पिटलात जायला काय विमान लागतं?

ताईला विचारलंस का? दाजी गेल्यापासून ती त्या गाडीकडे बघतही नाही म्हणतेस. तिच्या मनाचाही विचार कर.

हेडचं म्हणशील तर वहीत दाजींनी लिहिलंय ते बरोबरच आहे. साफ केलं होतं. इंजिन उघडायच्या भानगडीत मात्र पडू नका. जुने बोल्ट असतात, उघडताना तुटतात, आणि मग एकातून दुसरं निघत जातं.

तुझा मामा


शनिवार, १६ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र मी कानसेनला वाचून दाखवलं. ब्रेकचं ऐकून त्यानं मान डोलावली, रेडिएटरचं ऐकून वहीत लिहून घेतलं. ब्रेक नवे घालतोय, रेडिएटर मोठा येतोय, तेलाच्या नळीला उष्णतेचं कवच घालणार आहे. तेव्हा तुमची सगळी भुतं उतरवली. नवी गाडी घे म्हणालात त्याचं मात्र वाईट वाटलं. त्या गाडीत बसून तुम्हीच मला गिअर बदलायला शिकवलंत, आणि आता मीच तिला हात लावायचा म्हटलं की तुमच्या पोटात दुखतं. मी मुलगी आहे म्हणून असेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे भांडायला बरं.

आईला विचारलं. ती म्हणाली, गाडी नीट चालायला लागली तर मीही एकदा बसेन. मामा, तीन वर्षांत ती पहिल्यांदा असं म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले.

आता मुद्द्याचं. शेवटची ओळ ऐकून कानसेन थांबला. तो म्हणतो, काजळी काढली तरी ‘साफ केलं’ म्हणतात, आणि तापून वाकलेलं हेड मशीनवर धरून त्याचा तळ सपाट होईपर्यंत घासलं तरी वर्कशॉपमध्ये ‘साफ केलं’च म्हणतात. गाडी तापली होती म्हणजे दुसरंच असणार, असा त्याचा अंदाज. घासलं असेल तर हेड पातळ झालं, आत जागा कमी झाली, कॉम्प्रेशन वाढलं. किती घासलं त्यावर सगळा हिशोब.

तेव्हा मामा, आडपडदा न ठेवता सांगा. घासलं होतं का, आणि किती? तुमचा आकडा नसेल तर पंधरा दिवसांनी सोमवारी तो हेड उतरवून मोजेल. बोल्ट तुटले तर तुटले.

ठमी


शुक्रवार, २२ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

तू मुलगी आहेस म्हणून मी कधी काही अडवलंय का? गिअर बदलायला कुणी शिकवलं ते तूच लिहिलंस, आणि वर हा आरोप. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण त्या माझ्याच असतील.

कानसेन हुशार दिसतो. हेड घासलं होतं. वर्कशॉपच्या रजिस्टरमध्ये त्या कामाची नोंद आहे, माझ्याच अक्षरात: दोन दशांश मिलिमीटर. तेवढं घासल्यानं कॉम्प्रेशनमध्ये फारसा फरक पडत नाही. त्याला हा आकडा दे. आता हेड उतरवायची गरज नाही.

तरी माझं ऐकशील तर दाब पॉइंट सहा ठेवू नका, पॉइंट तीनवर भागवा. इंजिन जुनं आहे. हवं तर हेडखाली जाड गॅस्केट घाला, आत तेवढी जागा वाढेल. नाही, ते राहू दे, त्यासाठी पुन्हा उघडावं लागेल. दाबच कमी ठेवा.

ताई गाडीत बसते म्हणाली हे वाचून बरं वाटलं. पण तिला घाईनं बसवू नकोस. आधी दोन-चार महिने तू एकटीनं चालव.

मामा


सोमवार, १८ मार्च

मामा, नमस्कार.

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावला असाल. रोज कामावरून सुटले की वर्कशॉप, हाताला तेल, कवळ्यांनासुद्धा ग्रीसचा वास येईल अशी भीती. पण गाडी झाली.

तुमचा आकडा मी त्याला दिला. तरी तो म्हणत होता की एकदा उघडून स्वतः मोजतो, रजिस्टरचा कागद म्हणजे हेड नव्हे. मी त्याला साफ सांगितलं, तुला माहीत नाही हा माणूस कोण आहे. बाबा घरी आलेल्या प्रत्येकाला या इंजिनाचा आवाज ऐकवायचे आणि म्हणायचे, मेहुण्यांचा हात लागला तेव्हापासून ही जास्तच चपळ झालीय. मामांनी लिहिलेला आकडा पुन्हा मोजायचा म्हणजे त्यांचा अपमान आहे, असं मी म्हणाले. त्यानं खांदे उडवले आणि दोन दशांश धरून सगळी जुळणी केली.

गेल्या बुधवारी सकाळी, हवा गार असताना, पहिली चाचणी घेतली. मामा, काय सांगू. खालून एक बारीक शिट्टी ऐकू येते आणि मग पाठीला कुणीतरी हात लावून पुढे ढकलतंय असं वाटतं. सपाट रस्त्यावर कानसेननं शेजारी बसून डोळे मिटून ऐकलं. एकदाही भुवई वर गेली नाही. दाब पॉइंट सहाच ठेवलाय. तुमच्या आकड्याला तेवढा चालतो असं त्याचं गणित सांगतं.

आणि आई तयार झाली. येत्या रविवारी दुपारी तिला डोंगरावर नेतेय, वरच्या बागेत जेवायचं आणि परत यायचं. तिनं बाबांचा गॉगल शोधून काढलाय.

तुमची ठमी


शुक्रवार, २२ मार्च

ठमे,

तुझं पत्र आत्ता अकरा वाजता मिळालं. लिहितोय आणि लगेच जलद टपालानं टाकतोय, तरी ते सोमवारच्या आधी पोचत नाही म्हणतात. म्हणून आधी शेजारणीकडून फोन करवला. तू कामावर होतीस, ताईनं उचलला. पत्र येईपर्यंत गाडी काढू नका, एवढंच शेजारणीला सांगायला लावलं. कारण सांगायचं तर आधी शेजारणीलाच सांगावं लागलं असतं. तेवढं धैर्य झालं नाही.

दोन दशांश रजिस्टरमध्ये आहे. हेडवर नाही. हेड सात दशांश घासलं गेलंय.

कसं ते सांगतो. मायक्रोमीटरची चकती एक पूर्ण फिरली की अर्धा मिलिमीटर होतो. चकतीवरचे आकडे दर फेरीला तेच येतात, म्हणून दांड्यावरची अर्ध्याची बारीक रेघ उघडी पडलीय की झाकलीय हे बघावं लागतं. नवशिक्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मी स्वतः कित्येकांना शिकवलं. त्या दिवशी दाजी बाकावर बसून गप्पा मारत होते, मी हसत होतो, आणि ती रेघ मी बघितली नाही. हेड अर्ध्या मिलिमीटरनं जास्त पातळ झालं होतं आणि मला ते अजून जाडच दिसत होतं. म्हणून घासत गेलो. रजिस्टरमध्ये जे काढायचं होतं ते लिहिलं.

कळलं ते जोडताना. आतली जागा उथळ दिसली तेव्हा पुन्हा मोजलं, आणि या वेळी ती रेघ बघितली. दाजींना सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, झालं का? मी म्हणालो, झालं. त्यांनी गाडी चालवली आणि परत आले ते माझी पाठ थोपटतच. कॉम्प्रेशन वाढल्यामुळे ती चपळ झाली होती. माझी चूक त्यांना माझी कला वाटली. त्यानंतर दर वेळी ते कौतुक करायचे आणि मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच हे लिहायला हवं होतं. मी ब्रेक लिहिले, गिअरबॉक्स लिहिली. मग तू खोदून विचारलंस, तेव्हा रजिस्टरचा आडोसा घेतला. खोटं बोललो नाही, कागदावर आहे तेच सांगितलं, असं स्वतःला समजावलं.

गाडी हलवू नकोस. साडेनऊच्या वरचं कॉम्प्रेशन आणि पॉइंट सहा, वर दुपारचं ऊन आणि तो चढ. गार सकाळी सपाट रस्त्यावर ते बोलणार नाही. तिथे बोलेल.

मामा


गुरुवार, ४ एप्रिल

मामा,

तुमचं बावीस तारखेचं पत्र सोमवारी, पंचवीसला आलं. आम्ही रविवारी गेलो होतो.

शेजारणीचा निरोप आईनं घेतला. ‘पत्र येईपर्यंत थांबा’ एवढंच तिच्या कानावर आलं. ती हसली आणि मला म्हणाली, तुझ्या मामाचा जीव नेहमीच टांगणीला असतो, गाडी जपून चालव म्हणतोय. मीही हसले.

चढाच्या नवव्या किलोमीटरला ट्रक पुढे होता. रस्ता मोकळा दिसला, मी बाहेर काढली. आधी डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. टर्बो असाच बोलत असेल असं मला वाटलं आणि मी पाय आणखी दाबला. मग एक दणका बसला, बॉनेटखालून धूर निघाला आणि गाडीतला जीवच गेला. ट्रकच्या बरोबरीला होते, समोरून बस येत होती. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून मला आत घुसता आलं. डावी बाजू संरक्षक भिंतीला घासत गेली. आई डावीकडे होती.

तिचं उजवं मनगट दोन जागी मोडलंय आणि डाव्या बाजूच्या तीन फासळ्या. जिवावरचा धोका नाही. हे आधी लिहायला हवं होतं, पण तुम्हीही वाचत वाचत इथवर यावं असं मला वाटलं.

कानसेननं आठवडाभर वर्कशॉप उघडलं नाही. आपल्यालाच खडखड ऐकू आली नाही असं म्हणत बसला होता. येणारे लोक दारावरून परत जातात, कुणीतरी गावभर केलंय की त्याच्या टर्बोनं बाई मरता मरता वाचली. परवा त्यानं इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक आहे. मग त्यानं हेड मोजलं. सात दशांश. तुमचं पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. मी त्याला ते दाखवलं नव्हतं. नऊ दिवस दाखवलं नव्हतं, मामा. तुमचं नाव राखायला मी त्या माणसाला जळत ठेवलं. हे माझ्याही हातून झालं.

मायक्रोमीटरची चूक कुणाचीही होते. ब्रेक-गिअरबॉक्सचं पत्रही मी समजू शकते. तुम्ही तेव्हा गप्पच बसला असतात, तर पंधरा दिवसांनी त्यानं हेड उतरवून मोजलं असतं आणि एव्हाना जाड गॅस्केट बसून गाडी चालली असती. तुमचा आकडा आला म्हणून त्यानं मोजलं नाही. मीच मोजू दिलं नाही. ते दोन दशांश तुम्ही लिहायला नको होते.

शुद्धीवर आल्यावर आई पहिलं वाक्य काय बोलली माहीत आहे? म्हणाली, मामाला कळवू नकोस, उगाच त्याच्या जिवाला लागेल. तिला अजून काहीच माहीत नाही. मी सांगणार नाही. ते काम तुमचं.

भाची


मंगळवार, ९ एप्रिल

ठमे,

उत्तर द्यायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी जुन्या वर्कशॉपमध्ये जाऊन आलो. आता तिथे कुणी मला ओळखत नाही, पण रजिस्टरं माळ्यावर होती. त्या पानावरचे दोन दशांश खोडले, सात लिहिले, खाली आजची तारीख घातली आणि सही केली. मालक म्हणाला, आजोबा, एवढ्या जुन्या नोंदीला आता कोण विचारतंय? मी म्हटलं, विचारलं होतं.

कानसेनला वेगळं पत्र टाकलंय. चूक कुणाची, किती, आणि सहा आठवडे ती कुणी लपवली, हे माझ्या नावानिशी लिहिलंय. ते वर्कशॉपच्या दारावर लाव म्हणून सांगितलंय. तो भला माणूस वाटतो, लावणार नाही. तू लाव.

तुझी नऊ दिवसांची गोष्ट वाचली. ती माझ्याकडूनच शिकलीस. तुला गिअर बदलायला शिकवलं एवढंच मी समजत होतो.

शनिवारच्या गाडीनं येतोय. ताईला मी स्वतः सांगणार आहे. कानांचं यंत्र लावून येतो, म्हणजे ती काय म्हणते ते ऐकू आलं नाही अशी सबब मला उरणार नाही. तू खोलीतच थांब. मला माझी बहीण माहीत आहे. लहानपणी मी तिची पाटी फोडली तेव्हापासून माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ती माफ करत आलीय. सात हा आकडा माझ्या तोंडून बाहेर पडायच्या आधीच ती ‘असू दे रे’ म्हणेल.

या वेळी तिला म्हणू देऊ नकोस.

मामा